शिंकांची वही

मार्च महिन्यातल्या एका दुपारी, मागचे आवरून झाल्यावर, मी गॅलरीतल्या गुलाबाची वाळकी पाने खुडायला बसले आणि मला ओळीने तेरा शिंका आल्या. आकडा नेमका सांगता येतो, कारण मी शिंका मोजते. माझ्या शिंका नेहमी विषम संख्येनेच येतात अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत आहे, आणि बारावर थांबल्यासारखे वाटले की मी नाक वर करून, तोंड अर्धवट उघडे ठेवून, उरलेल्या एकीची वाट पाहत उभी राहते. घरच्यांनी याकडे लक्ष देणे केव्हाच सोडले आहे.

या खोडीला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती दोन वर्षांपूर्वी. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी माझ्या हातावर ओळीने थेंब ठेवून सुईने टोचून पाहिले. त्या ओळीत घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे होते, झुरळ होते, बुरशी होती, चार प्रकारच्या गवतांचे परागकण होते. धुळीच्या थेंबाभोवती थोडी लाली आली, पण माझ्या शिंकांच्या मानाने ती अगदीच किरकोळ होती. डॉक्टर म्हणाले, "एक वही करा. कुठे होतं, केव्हा होतं, तेव्हा जवळ काय होतं, सगळं लिहीत जा." शिंका मोजणाऱ्या बाईला याहून आनंदाची गोष्ट कोणती सांगणार?

वहीच्या पहिल्या पानांवर मी जगातल्या सगळ्यांवर आळ घेतला आहे. समोरच्या बांधकामाची धूळ, खालच्या मजल्यावरची मिरचीची फोडणी, कापसाची जुनी उशी, पुण्यात राहून ज्याचे नाव घेतल्याशिवाय गत्यंतर नाही ते गाजरगवत, आणि एका नोंदीत तर शेजाऱ्यांचा बिचारा कुत्रा. फक्त माझ्या झाडांवर संशय नव्हता. गुलाबावर घ्यायचा तरी कसा? त्याचे परागकण किड्यांच्या अंगाला चिकटून जाणारे, वाऱ्यावर फारसे न उडणारे, एवढे वनस्पतिशास्त्र मला शाळेतले आठवत होते. तरी "गॅलरी" हा शब्द पानोपानी येत राहिला. पावसाळ्यात नोंदी जवळजवळ थांबल्या, फेब्रुवारीपासून पुन्हा चढू लागल्या, आणि लेकीकडे नागपूरला काढलेल्या पंधरा दिवसांचे पान तर कोरेच राहिले.

त्या तेरा शिंकांच्या दुपारी मनगटावर गांधीही उठल्या, तेव्हा मी पान उलटून पाहिले. वरून ते बारीक पिवळट ठिपक्यांनी भरलेले होते, कोणी सुईने रंग शोषून घ्यावा तसे, आणि पाठीमागे धुळकट जाळी होती. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली. कागदावर पडलेल्या मिरपुडीतले काही कण चालू लागले. एक बोटाने दाबला, तर तांबूस रेघ उमटली. शेतकऱ्याच्या घरात हे कुणी पोराने ओळखले असते: कोळी पडला होता.

कोळी हा आपल्या भाषेतला एक गमतीचा शब्द आहे. समुद्रावर जाळे टाकतो तो कोळी, कोनाड्यात जाळे विणतो तो कोळी, आणि वांग्याच्या, भेंडीच्या, गुलाबाच्या पानामागे अर्धा मिलिमीटरही न भरणारा जो बसतो तो लाल कोळी. शेवटच्या दोघांची भावकी मात्र खरी आहे, कारण हाही आठ पायांचा, कीटक नव्हे. त्यातल्या सर्वांत उपद्रवी जातीला कॉख नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८३६ साली टेट्रानिकस उर्टिसी असे नाव दिले. उर्टिका म्हणजे लॅटिनमध्ये खाजरी नेटल वनस्पती. आणि अंगावर गांधी उठतात त्याला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात, तोही शब्द त्याच झुडपावरून आलेला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात माझे मनगट नव्हते, हे मला कळते; तरी ते वाचताना मी मनगट खाजवले.

वाईला आजोळी परसात शेवंती आणि गावठी गुलाब होते. आजी दुपारी भांडी विसळलेले पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतायची, आणि मग स्वच्छ पाण्याची एक कळशी निराळी भरून, ओंजळीने पानांवर खालून वर असा जोराचा हबका मारायची. खालून का, असे मी विचारल्याचे आठवत नाही. मोठी माणसे करतात त्याला कारण असणार किंवा नसणार, अशी आमची समजूत होती. ओटीवर आजोबा डबीतून चिमूटभर तपकीर घेऊन नाकपुडीत ओढत आणि आकाशाकडे पाहून असे काही शिंकत की पत्र्यावरचे कबुतर उडून जाई. शिंक काढायला ते पैसे मोजत, याचे मला फार नवल वाटे. कुणी बाहेर निघाले असताना ते शिंकले तर निघणाऱ्याने परत येऊन, घोटभर पाणी पिऊन, मगच जायचे असा घरचा दंडक होता, आणि आजोबांच्या तपकिरीपायी एका मामाची वाठारची गाडी दोनदा चुकली होती. त्या शिंका मी पायरीवर बसून मोजत असे. मोजण्याचे मूळ तिथे आहे. आजोबांच्या मात्र समही येत.

आजीच्या हबक्याचे कारण मला पन्नाशीत समजले. लाल कोळ्याला कोरडी उष्ण हवा लागते. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो, आणि एकेक मादी शंभरावर अंडी घालू शकते. पाण्याचा मार मात्र त्याला सोसत नाही, आणि तो राहतो पानाच्या पाठीशी. मी शहाण्यासारखी वर्षभर बुंध्याशी नेमके पाणी घालत होते, पाने कोरडी ठेवत होते, आणि कीड दिसली की दुकानातले कुठलेसे कीटकनाशक फवारत होते. त्याने कोळी पुष्कळदा मरत नाहीत, त्यांना खाणारे मात्र मरतात. खाणाऱ्यांतही एक कोळीच आहे, फायटोसेउलस नावाचा; तो १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडांबरोबर योगायोगाने पोहोचला आणि पुढे युरोपातल्या काचघरांत पगारी नोकरासारखा सोडला जाऊ लागला.

धुळीतल्या किड्यांना ॲलर्जीचा गुन्हेगार म्हणून पकडले ते लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी, १९६४ च्या सुमारास. झाडावरच्या कोळ्याकडे वैद्यांचे लक्ष त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले. दक्षिण कोरियात जेजू नावाचे बेट संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बागाइतदारांना दमा आणि सर्दी का जडते हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी तपासले, तेव्हा त्यांच्या त्वचेवर सर्वाधिक उठाव झाला तो परागकणांचा नव्हे, तर संत्र्याच्या पानांवरल्या लाल कोळ्याचा. बागेशेजारी राहणाऱ्या मुलांमध्येही ते आढळले. वाळके पान खुडले की कोळ्याचे अंग, त्याची कात, त्याची विष्ठा, सारे हवेत उडते आणि नाकात शिरते. कागदावर फांदी झटकून मी नेमके तेच केले होते, आणि त्याआधी दोन वर्षे रोज करत होते.

डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, लाल कोळ्याचा थेंब त्यांच्या पेटीत नाही, म्हणून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तीन आठवडे झाडांना हात लावू नका, मग पाहू. तीन आठवडे यजमानांनी झाडांचे केले. वहीत त्या काळात दोन नोंदी आहेत, दोन्ही फोडणीच्या.

आता मी सकाळी, ऊन चढण्याआधी, नळीने पानांच्या पाठी धुते, आजीसारखे खालून वर. तोंडावर घट्ट बसणारा मास्क, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे. पान खुडायचे ते ओले असतानाच, आणि लगेच पिशवीत घालून तोंड बांधायचे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात घोटून फवारते. गॅलरीत कपडे वाळत घालणे बंद केले, निजायच्या खोलीतली कुंडी बाहेर काढली, आणि काम झाले की तोंड-हात धुऊन सदरा थेट बादलीत. सगळ्यांत जड गेले ते शेवंतीच्या दोन कुंड्या मैत्रिणीला देऊन टाकणे. कोळी तरी येतच राहतो. तो स्वतःच्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर फिरतो, आणि सहावा मजला त्याला उंच वाटत नाही. छातीत घरघर झाली तर मात्र सदरा-मास्कचे खेळ पुरे, तडक दवाखाना, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले आहे.

जानेवारीत मावळात एका ओळखीच्यांबरोबर गुलाबाचे पॉलिहाऊस पाहायला गेले होते. चौदा फेब्रुवारीसाठी परदेशी जाणाऱ्या फुलांची घाई होती. आत ऊब होती, वारा नव्हता, आणि खालच्या पानांवर ते ओळखीचे पिवळट ठिपके होते. मी पर्समधून मास्क काढून बांधला. फुले कापणाऱ्या बाईने ओढणी नाकावरून घट्ट आवळली होती. मी विचारले, "त्रास होतो का हो इथे?" ती म्हणाली, "धूळ असती ओ ताई. सुट्टीला गावी गेलं का बरं वाटतं." मग ती तोंड वळवून शिंकली. मी सवयीने मोजत होते. चार झाल्या. पाचवीची वाट न पाहता ती कात्री घेऊन पुढच्या ओळीत शिरली.