केनियाला जाताय? व्हिसा नाही, पण ईटीए आहे

आईला केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या गवतात सिंह बघायचे होते, म्हणून यंदा ऐन पावसाळ्यात मुंबईहून नैरोबी गाठलं. थेट विमान साधारण सहा तासांचं. टूरवाले ‘व्हिसा-फ्री’ म्हणून सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि त्याजागी ईटीए आणलं, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी. फी ३० डॉलर, वर कार्डाचा अधिभार. माझ्या मते हा वेश बदललेला व्हिसाच, फक्त वकिलातीच्या दारात उभं राहावं लागत नाही.

अर्ज सरकारी साइटवरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओ डॉट केई’ (go.ke) हवं. गूगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टचं पान, फोटो, हॉटेलचं बुकिंग आणि जाण्या-येण्याची तिकिटं मोबाइलमध्ये तयार ठेवा. लहान मुलांचाही वेगळा अर्ज लागतो. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, नाहीतर शेवटच्या पायरीवर सगळं अडकतं. मंजुरीला तीन दिवस धरा.

नावाची गोम मात्र खास आपली. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. अर्जातही ते जसंच्या तसं लिहा. नैरोबीच्या काउंटरवरच्या बाईंनी आईच्या छापील ईटीएवर बोट ठेवून विचारलं, “वसंत?” आई म्हणाली, “आमचे हे.” मी इंग्रजीत समजावलं. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळत होतं, शिक्का बसला. आमच्या पुढचं जोडपं मात्र आडनावाच्या घोळामुळे बाजूला उभं होतं.

ईटीएपेक्षा लसीचं गणित आधी मांडा. केनिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे परत भारतात शिरताना पिवळं कार्ड, म्हणजे या तापाच्या लसीचा दाखला, लागतं. लस घेतल्यावर ते १० दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत सहारला विमानतळाच्या आरोग्य विभागाचं केंद्र आहे. एका कुपीत अनेक डोस असल्याने माणसं जमवून ठरलेल्या वारी बोलावतात, सुट्टीच्या मोसमात तारीख लवकर मिळत नाही. साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आईची बीपीची गोळी, अ‍ॅलर्जी, सगळं केंद्रावर खोदून विचारलं, तेव्हा कुठे सुई टोचली.

चिवडा-लाडू न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमधून नको. तिथे २०१७ पासून बंदी आहे आणि ती आपल्याकडच्यासारखी कागदावरची नाही. अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत, स्टीलची घ्या. स्वेटर घ्याच: नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, आणि पहाटेच्या उघड्या जीपमध्ये आईने शालीवर माझं जॅकेटही चढवलं होतं. सिंह दिसले. नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट (मोठ्या हरणांचे कळप) बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर गाठा, तरी भरवसा नाही.

येताना पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत उतरल्यावर सामान हाती यायच्या आधीच ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.