ट्रालीच्या गोल थिएटरात: आयरिश लोकसंगीताची एक संध्याकाळ

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रालीला पोचायला साधारण चार तास लागतात. थेट गाड्या मोजक्याच आहेत, बाकी वेळी मॅलोला गाडी बदलायची. मॅलो सोडलं की बँटीर, मिलस्ट्रीट, रॅथमोर अशी लहान स्टेशनं लागतात. बाहेर ओलं गवत, गाई, मधूनच दलदल. डब्यातले बहुतेक प्रवासी इथे डुलक्या काढतात. पण संध्याकाळी थिएटरात जे ऐकायला आपण चाललोय, त्यातला बराच ऐवज याच पट्ट्यातला आहे. कॉर्क, केरी आणि लिमरिक या तीन काउंट्यांच्या सीमेवरच्या या मुलखाचं नाव स्लीव लूखरा, म्हणजे लव्हाळ्यांचा डोंगर. आयर्लंडभर रील आणि जिग या नाचाच्या धुनांचं राज्य असताना इथे पोल्का आणि स्लाइड हे प्रकार टिकले, आणि अजून त्यांच्यावरच लोक नाचतात.

पाड्रिग ओ'कीफ (१८८७–१९६३) याच भागातले. शाळामास्तरकी सुटल्यावर ते घरोघर पायी फिरून फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकवू लागले. त्यांची स्वरलिपी मजेदार होती. पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या जागांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटं. नोटेशन न येणाऱ्या शेतकऱ्यालाही पाच मिनिटांत समजावं, असा कारभार.

किलार्नीला गाडी उलटी निघाली तर उतरायची घाई करू नका. स्टेशन फाट्यावर आहे. गाडी आधी मागे सरकते, मुख्य रुळावर येते आणि मग ट्रालीच्या दिशेने लागते.

ट्राली स्टेशनपासून टाउन पार्क चालत दहा-पंधरा मिनिटांवर. गुलाबांच्या वाफ्यांच्या पलीकडे केरी काउंटी म्युझियम आणि त्याला लागूनच शीअमसा टीरा, आयर्लंडचं राष्ट्रीय लोकनाट्यगृह. शीअमसा म्हणजे मौज, टीर म्हणजे देश. पॅट अहर्न नावाच्या कॅथलिक पाद्रींनी इथल्या हौशी गायक-नर्तकांना घेऊन १९६० च्या दशकात काम सुरू केलं. १९७४ मध्ये संस्था उभी राहिली आणि सध्याची इमारत १९९१ ची. ती बांधताना डोळ्यांसमोर होती दक्षिण केरीतली स्टेग फोर्ट, ही चुना-मातीशिवाय रचलेली गोल दगडी गढी. म्हणून बाहेरून थिएटर थिएटरसारखं दिसतच नाही.

तिकीट काढताना एक चूक हमखास होते. हे थिएटर वर्षभर चालतं आणि बाहेरचे कार्यक्रमही घेतं. नुसतं थिएटरचं नाव बघून तारीख निवडली, तर समोर विनोदी एकपात्री किंवा एखादा पॉप गायक येऊ शकतो. आपल्याला हवा असतो त्यांच्या स्वतःच्या लोकनाट्य कंपनीचा प्रयोग, आणि त्याचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा, मे ते सप्टेंबर. त्यातही ऑगस्टमध्ये 'रोझ ऑफ ट्राली'चा उत्सव असतो. तेव्हा खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. जून सगळ्यात बरा. मुक्काम मात्र करावाच लागतो, कारण प्रयोग सुटेपर्यंत डब्लिनची शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: युरोपचा शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, इथला वेगळा काढावा लागतो.

जेवण प्रयोगाआधी उरका. आयरिश गावांत पब रात्री उशिरापर्यंत उघडे असतात, पण त्यांचं स्वयंपाकघर नऊच्या आसपास बंद होतं. दहा वाजता बाहेर पडल्यावर पोटाला बटाट्याच्या वेफर्सचं पाकीटच मिळतं. शाकाहाऱ्यांनी सूप आणि ब्राउन ब्रेड मागवताना सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय हे विचारून घ्यावं, कारण भाज्यांच्या सूपलाही बऱ्याचदा कोंबडीचं पाणी असतं.

जागा मधल्या रांगांत घ्या. अगदी पुढे बसलं तर चेहरे छान दिसतात, पण नाचणाऱ्यांचे पाय नजरेच्या रेषेत येतात आणि पावलांचा आराखडा कळत नाही. या प्रयोगात चेहऱ्यांपेक्षा पाय महत्त्वाचे.

दिवे मंदावल्यावर निवेदक वगैरे कोणी येत नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. गाणी आयरिश भाषेत, बाकी सगळं मूकाभिनय, वाद्यं आणि पावलं यांच्यावर. आयरिश येत नसल्याने अडत नाही. शेजारच्या आयरिश प्रेक्षकांपैकी अनेकांनाही ती शाळेपुरतीच येते.

अर्ध्याहून अधिक प्रयोग शेतावरच्या कामांचा. लोणी काढायचा प्रसंग नीट बघा. आपली रवी गोल फिरते. इथला दांडा उंच, निमुळत्या लाकडी पिंपात वर-खाली चालतो. त्या ठोक्यावर गाणं चढतं. जो कोणी दारातून आत येतो तो दोन-चार हात मारूनच पुढे जातो, कारण घुसळण चालू असताना पाहुणा हात न लावता गेला तर लोणी येत नाही, अशी जुनी समजूत. मळणीत दोघं समोरासमोर उभे राहतात. दोन काठ्या चामड्याच्या वादीने जोडलेलं झोडपणं प्रत्येकाच्या हातात. एकाचं वर असताना दुसऱ्याचं खाली. वादी सैल असल्यामुळे पुढची काठी किंचित उशिरा आपटते. हा उशीर दोघांनी सारखा धरला तरच ठेका जमतो. एकाचा हात जरा घाईत गेला की दोन ठोके एकमेकांवर आदळतात आणि ते शेवटच्या रांगेलाही ऐकू येतं.

आता कान कुठे लावायचा ते सांगतो, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळ्या धुना सारख्याच वाटतात. एका धुनेचे सहसा दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक ठराविक तुकडा) आणि तो दोनदा वाजतो. म्हणजे एका फेऱ्यात ३२ बार, नाचाच्या लयीत साधारण ३०-४० सेकंद. पहिला भाग बहुधा खालच्या सप्तकात रेंगाळतो, दुसरा वर चढतो, आपल्या स्थायी-अंतऱ्यासारखंच. असे दोन-तीन फेरे झाले की मध्ये न थांबता पुढची धून. दोन-तीन धुनांचा मिळून एक सेट. धून बदलते त्या क्षणी वादक एकमेकांकडे बघतात, कोणी 'हप' असं ओरडतं, आणि पट्टी बदलली असेल तर सभागृहात वीज फिरल्यासारखं होतं.

जिग सहाची, तीन-तीनच्या दोन गटांत. दादऱ्याची सवय असलेल्याला लगेच सापडते. रील चाराची, कहरव्याच्या अंगाने पळणारी. स्लिप जिगला नऊ, तीनदा तीन, आणि इथेच टाळ्या वाजवणारे गडबडतात. पोल्का दोनाची, तिच्यात जोर बऱ्याचदा दुसऱ्या अर्ध्यावर येतो. पर्यटकांची टाळी समेवर, वादकांचं वजन ऑफबीटवर. थोडा वेळ ऐकून मगच हात उचला.

वाद्यांपैकी दोन मी सगळ्यात जास्त वेळ न्याहाळली. पहिलं इलन पाइप्स. इल म्हणजे कोपर. स्कॉटिश बॅगपाइपसारखी तोंडाने फुंकायची भानगड नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली पिशवी, म्हणून हे बसूनच वाजवतात. सूर वाजवायची नळी म्हणजे चँटर. त्यात आपल्या सनईसारखी दुहेरी पत्ती असते आणि दोन सप्तकं निघतात. मांडीवर चामड्याचा तुकडा बांधलेला असतो. चँटरचं तोंड त्यावर दाबून बंद केलं, पिशवीवरचा दाब किंचित वाढवला की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. दाब कमी पडला तर उडी फसते आणि बेडकासारखा आवाज येतो. शेजारी ड्रोन नावाच्या तीन नळ्या सतत एकच सूर धरून असतात; हा झाला तंबोरा. त्यावर आणखी तीन रेग्युलेटर, ज्यांच्या चाव्या मनगटाच्या कडेने दाबून मध्येच स्वरमेळ टाकता येतो. नळगवताच्या या पत्त्या हवेतल्या ओलाव्याला फार हळव्या. बाहेरच्या दमट हवेतून गरम दिव्यांखाली आलं की सूर हलतो, आणि वादक दोन तुकड्यांच्या मध्ये मान खाली घालून ड्रोन सरकवत बसतो. त्या एका मिनिटात लोक कुजबुजायला लागतात. गप्प बसावं, कारण त्याला नेमकं तेव्हाच ऐकू यायला हवं असतं. ही वादनपरंपरा २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

दुसरं वाद्य बौरान, बकऱ्याच्या कातड्याचं एकतोंडी वाद्य. दिसायला थेट शाहिराच्या डफाचा भाऊ. पण वाजवायची तऱ्हा वेगळी: उजव्या हातात वीतभर लाकडी टिपर, मनगट किल्ली फिरवल्यासारखं हलतं आणि टिपरचं टोक वर-खाली दोन्हीकडे ठोका देतं. डावा हात आतून कातड्याला टेकलेला. तो सरकवला, दाबला की सूर चढतो-उतरतो. डग्ग्यावर तळवा घासून घुमारा काढतात त्याच जातीचं काम. आपला डफ दमट हवेत उतरतो म्हणून शेकोटीवर धरतात. इथे रंगमंचावर उलटी पंचाईत. दिव्यांच्या उष्णतेने कातडं सुकून ताणतं आणि आवाज पत्र्यासारखा होतो. मग वादक हळूच आतल्या बाजूने पाण्याचा हात फिरवतो. हल्लीच्या बौरानांना ताण बदलायचे स्क्रू असतात, तरी पाण्याची बाटली खुर्चीखाली असतेच.

अकॉर्डियनबद्दल पेटीवाल्यांना एक गोष्ट गमतीची वाटेल. आपल्या पेटीत भाता कसाही हलवा, पट्टी तोच सूर देते. इथल्या बटणांच्या अकॉर्डियनमध्ये एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. भात्याची दिशा सारखी बदलत राहते आणि तो हिसका पोल्काच्या ठेक्यात ऐकू येतो. केरीकडचे वादक सी शार्प–डी बांधणीचं (बटणांची एक ओळ सी शार्पची, दुसरी डीची) वाद्य पसंत करतात ते यासाठीच. त्यात दाब-ओढ जास्त करावी लागते. बहुतेक धुना डी आणि जी पट्टीत, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन आणि पांढरी पाच. टिन व्हिसल या साध्या पत्र्याच्या बासरीलाही तीच डी पट्टी. लाकडी बासरीवाल्याला धुनेत श्वास घ्यायला जागाच नसते, म्हणून तो एखादा सूर सोडून देतो, आणि दर फेऱ्यात वेगळा सोडतो. हे एकदा कळलं की तेवढंच ऐकत बसावंसं वाटतं.

मध्यंतरानंतर सगळी वाद्यं खाली ठेवली गेली आणि एक बाई एकट्या उभ्या राहिल्या. हे शॅन नोस, जुन्या रीतीचं गाणं. साथ नाही, ठेका नाही, शब्दांच्या लांबीप्रमाणे लय वाकते. कणस्वर आणि छोट्या मुरक्या प्रत्येक कडव्यात निराळ्या. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव दाखवायचा प्रयत्न नाही. ख्याल ऐकणाऱ्या कानाला इथे घरी आल्यासारखं वाटेल; फक्त 'वाहवा' म्हणायची ऊर्मी आवरावी लागते. पबमध्ये मधूनच दाद देतात, थिएटरात नाही.

नाचाची शैली उत्तर केरीची, तिला मनिक्स म्हणतात. जेरी मॉलिनो या फिरत्या नृत्यगुरूंच्या नावाचा हा गावठी उच्चार. लिस्टोलजवळच्या फिनूग गावात संस्थेचं शिकवणीचं घर आहे, तिथे मुलं लहानपणापासून हेच शिकतात. १९९४ साली डब्लिनला युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' हा जो सात मिनिटांचा नाच झाला, त्याने जगाला आयरिश नाच म्हणजे लांबलचक रांग आणि उंच उड्या असं शिकवलं. इथे तसलं काही शोधू नका. पाय जमिनीपासून जेमतेम वितभर उठतात. टाच, चवडा, पुन्हा टाच, आणि हात खाली सैल. आठ बारांचं एक पाऊल उजव्या पायाने, मग जसंच्या तसं डाव्याने. पूर्वी घराचा अर्धा दरवाजा बिजागरीतून काढून जमिनीवर टाकत आणि त्यावर नाचत. खाली पोकळी राहिली की लाकूड बोलतं. रंगमंचाचा तक्ताही त्याच कामाला येतो. संगीत थांबून फक्त पावलं उरतात ती दोन मिनिटं डोळे मिटून ऐकली तर तबल्याचा कायदा चाललाय असं वाटावं.

जूनमध्ये बाहेर पडलं तेव्हा दहा वाजून गेले होते आणि पश्चिमेला अजून उजेड होता. गावातल्या पबांत सेशन, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकी, साडेनऊ-दहाला सुरू होतात. थिएटरात ऐकलेलं तिथे पुन्हा भेटतं, यावेळी हातभर अंतरावरून. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांवर बसू नका, त्या उशिरा येणाऱ्या वादकांच्या असतात. प्यायचं काउंटरवर जाऊन घ्यायचं, टेबलाशी कोणी येत नाही. व्हिडिओ काढायचा तर विचारून. आणि विमानतळावर विकत घेतलेला बौरान घेऊन कोणी वर्तुळात घुसला, तर वादक काही बोलत नाहीत. ते ती धून लवकर संपवतात आणि पुढची नऊच्या मात्रांची सुरू करतात.