नोटेवर साल शोधू नका, सही वाचा

पेटीतून किंवा पोथीच्या पानांतून जुनी नोट निघाली की पहिला प्रश्न असतो, ‘किती जुनी?’ रिझर्व्ह बँकेच्या २००५ पूर्वीच्या नोटांवर छपाईचे सालच नसते. काळ ठरतो तो गव्हर्नरच्या सहीवरून. सहाव्या जॉर्जचे चित्र आणि चिंतामणराव देशमुखांची सही असेल, तर नोट १९४३ ते १९४९ या काळातली.

एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची. तिच्यावर अर्थसचिवाची सही असते, आणि साल बहुतेक वेळा छापलेले मिळते. म्हणूनच के. जी. आंबेगावकरांची सही एक रुपयावर सापडते, पण १९५७ मध्ये थोडे दिवस गव्हर्नर असूनही त्या नात्याने एकाही नोटेवर नाही. बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा थोड्या, म्हणून त्याच मूल्याच्या इतर नोटांपेक्षा महाग. वय तेच, चित्र तेच, फरक फक्त सहीचा.

सहीनंतर क्रमांकाची चौकट भिंगाखाली धरा. आकड्यांमागे फिकट छापलेले एखादे इंग्रजी अक्षर दिसेल, त्याला इनसेट म्हणतात. एकाच सहीत काही इनसेट ढिगाने मिळतात, काही शोधून सापडत नाहीत. यादी मांडताना मूल्य, सही, इनसेट आणि क्रमांकाआधीची अक्षरे या चारही गोष्टी लिहा. हज यात्रेकरूंसाठीच्या नोटांवर क्रमांकाआधी ‘एचए’ असते, तर आखातासाठी १९५९ मध्ये काढलेल्या नोटांवर ‘झेड’.

खरी किंमत ठरते ती अवस्थेवर. पूर्वी गड्ड्यांना स्टेपल मारत, त्यामुळे कोऱ्या नोटेलाही डाव्या बाजूला भोके असतात. ती चालतात. पण पिनेचा गंज कागदात उतरला असेल, तर भाव पडतो. मधली एक घडीसुद्धा नोटेला ‘यूएनसी’मधून, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या नोटेच्या दर्जातून, खाली आणते.

सर्वांत जास्त फसवणूक धुऊन इस्त्री केलेल्या नोटेत होते. दिव्यासमोर धरा, मोडलेल्या घडीची रेघ उजेडात दिसतेच. मग नोट तिरपी धरून बोट फिरवा: शाईचा उठाव सपाट झालेला असेल आणि कागद करकरीत न लागता लुळा वाटत असेल, तर घेऊ नका. डिटर्जंटने धुतलेला कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो. घरची नोट स्वतः साफ करू नका. टेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसी नसलेल्या पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

भाव पाहायचा तो लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच सहीच्या आणि त्याच अवस्थेच्या नोटेचा. विक्रेत्याने लावलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरवाल्या नोटेला लाखो देतो म्हणणारे आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात. तिथेच फोन ठेवा. आणि २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांचा ढीग करू नका: २०१७ च्या कायद्याने एकूण १० नोटा ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी २५. त्याहून जास्त सापडल्या, तर किमान १०,००० रुपये दंड होऊ शकतो.