तूट रस्त्यावर तयार होते

अंदाजपत्रकाचे दिवस आले की पुण्याच्या वर्तमानपत्रांत पीएमपीच्या, म्हणजे आमच्या शहर बससेवेच्या, तुटीची बातमी हमखास येते. आकडा दरवर्षी बदलतो, त्यावरचं बोलणं बदलत नाही. आमच्या धनकवडीच्या सोसायटीत कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "विकून टाका एकदाची." मी पीएमटीत, म्हणजे पीएमपीच्या आधीच्या बससेवेत, कंडक्टर म्हणून लागलो, पुढे टाइमकीपर झालो आणि शेवटची वर्षं स्वारगेटला गाड्या सोडणारा कंट्रोलर होतो. त्यामुळे हे वाक्य ऐकून मला गप्प बसवत नाही. तूट आहे, ते मी नाकारत नाही. पण ती नक्की कुठे तयार होते हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तोही आता कोणाला आठवत नाही. पुण्यात शहर बस सुरू केली ती महापालिकेनं नव्हे. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या गाड्या इथे धावू लागल्या. तेव्हा शहर टांग्यांवर चालायचं. पोटावर पाय येणार म्हणून टांगेवाल्यांनी संप केला होता. १९५० साली पुणे महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी बससेवा तिच्याकडे आली. तीच पीएमटी. तिकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, आकुर्डीला बजाज. पाळीवर जाणाऱ्या कामगारांची गर्दी वाढत गेली आणि १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडनं स्वतःची बससेवा, पीसीएमटी, काढली. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर बरीच वर्षं दोघांच्या गाड्या मागेपुढे धावत. २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी झाली, तीच आजची पीएमपी. तिच्यात ६० टक्के वाटा पुणे महापालिकेचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा. संचलनातली तूटही त्याच प्रमाणात दोघी भरतात. बातमीत येतो तो हाच आकडा.

मी लागलो तेव्हा गळ्यात चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि चिमटा. ट्रेमध्ये दराप्रमाणे गड्ड्या लावलेल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. टप्पा आला की वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलवर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, टिपायचा, आणि तोही चालत्या गाडीत, एका हातानं दांडा धरून. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना प्रवासी मागून घ्यायचा. आज मशिनमधून तिकीट निघतं, मोबाईलवरून पैसे जातात, गाडी कुठपर्यंत आली ते ॲपवर दिसतं. हे सगळं चांगलं झालं. पण त्या वेबिलनं मला एक गोष्ट शिकवली, ती मशिन आल्यावरही बदललेली नाही. पाळी संपवून रोकड भरायला गेलं की दिवसाचा हिशोब समोर दिसायचा. ज्या दिवशी एक खेप कमी झाली, त्या दिवशी रक्कम कमी. पगार तेवढाच, गाडीत जळलेलं डिझेल जवळपास तेवढंच. बस कंपनीचा खर्च तासावर चालतो आणि उत्पन्न खेपेवर. या एका वाक्यात तुटीचं मूळ आहे.

उदाहरण घ्या. २ नंबरची गाडी, कात्रज ते शिवाजीनगर. सातारा रस्त्यानं स्वारगेट, तिथून बाजीराव रस्त्यानं शनिपार, शनिवारवाडा, मनपा आणि पुढे. येताना शिवाजी रस्त्यानं मंडईवरून. समजा जाऊन-येऊन, दोन्ही टोकांना थांबण्याचा वेळ धरून, दीड तास लागतो. दर दहा मिनिटांनी गाडी द्यायची तर नऊ गाड्या लागतील. ९० भागिले १०, एवढंच गणित. आता रस्त्यावर गर्दी वाढली आणि त्याच फेरीला दोन तास लागायला लागले. गाड्या नऊच आहेत, माणसंही तेवढीच. दहा मिनिटांऐवजी गाडी आता तेरा मिनिटांहून जास्त वेळानं येणार. कंडक्टरनं तिकिटं कमी फाडली नाहीत, ड्रायव्हरनं कामचुकारपणा केला नाही, तरी दिवसाच्या खेपा कमी झाल्या. थांब्यावर उभा असलेला माणूस वाट बघून कंटाळतो आणि पुढच्या महिन्यात हप्त्यानं दुचाकी घेतो. ती दुचाकी त्याच रस्त्यावर येते. मग दोन तासांचे सव्वादोन होतात.

हे मी कागदावरचं सांगत नाही. कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसून रोज बघितलंय.

"एकाच नंबरच्या तीन गाड्या एकदम येतात आणि मग अर्धा तास एकही नाही, असं का हो काका?" माझी पुतणी हिंजवडीला नोकरीला जाते, तिनं हे मला कितीदा तरी विचारलंय. लोकांना वाटतं ड्रायव्हर मुद्दाम जोडीनं चालतात. तसं नसतं. पहिली गाडी पद्मावतीच्या चौकात पाच मिनिटं अडकली, असं धरा. तेवढ्यात पुढच्या थांब्यांवर जास्त माणसं जमतात. ती सगळी याच गाडीत चढणार, म्हणून प्रत्येक थांब्यावर तिला जास्त वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला थांबे रिकामे मिळतात, ती भरभर येते आणि पहिलीला गाठते. तिसरीचंही तेच. पुढची दाबून भरलेली, मागच्या दोन मोकळ्या, आणि त्यांच्या मागे लांबच लांब खंड.

अशा वेळी कंट्रोलरच्या हातात दोनच उपाय असतात. मधल्या गाडीला स्वारगेटला काही मिनिटं थांबवून धरायचं, नाहीतर शेवटची गाडी शिवाजीनगरपर्यंत न पाठवता मधूनच फिरवायची, म्हणजे परतीच्या बाजूचा खंड भरतो. दोन्ही वेळा आतले प्रवासी चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच असतं. त्यांनी तिकीट काढलेलं आहे, त्यांना वेळेवर पोचायचं आहे. पण शिवाजी रस्त्यावर मंडईपाशी पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांना गाडी मिळावी म्हणून ते करावं लागतं. गाडी फिरवताना मी स्वतः खाली उतरून प्रवाशांना कारण सांगायचो आणि मधल्या गाडीत बसवून द्यायचो. कारण सांगितलं की पुणेकर ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

गणपतीत हे सगळं दहा दिवस रोज. संध्याकाळी शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद, गाड्या टिळक रस्त्यानं आणि जंगली महाराज रस्त्यानं वळवलेल्या. तेव्हा वेळापत्रक बाजूला ठेवून नुसत्या नजरेनं गाड्या सोडायच्या. आळंदीच्या यात्रेला तर जादा गाड्या रात्रीही चालत. त्या दिवसांत कोणी रजा मागत नसे, हे मी अभिमानानं सांगतो.

आता बीआरटीबद्दल. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. देशातला हा असा पहिला प्रयोग. त्यावर इतकी टीका झाली की त्यामागचा हेतूच बाजूला पडला. एका गाडीत साठ-सत्तर माणसं असतात. त्यांना वेगळी वाट दिली तर फेरीचा वेळ कमी होतो, आणि तेवढ्याच गाड्यांत जास्त खेपा होतात. वरच्या गणितात दोन तासांचा परत दीड तास करायचा हा एकच स्वस्त मार्ग आहे. नवीन गाडी घेण्यापेक्षा स्वस्त, पूल बांधण्यापेक्षा तर कितीतरी स्वस्त. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत हे मार्ग सुरू झाले, त्यांचे थांबे जास्त विचार करून बांधलेले होते. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याचा उपयोग आजही दिसतो. पुण्यात नगर रस्त्यावरच्या काही भागातली मार्गिका मात्र २०२३ मध्ये काढून टाकली गेली. मोटारींना जागा मिळावी म्हणून. मला त्याचं फार वाईट वाटलं. मार्गिकेत दुचाक्या घुसतात, टोकाला बस पुन्हा गर्दीत सापडते, चौक ओलांडून मधल्या थांब्यावर जायला म्हाताऱ्यांना त्रास होतो, हे सगळे दोष खरे होते आणि दुरुस्त करण्यासारखे होते.

गाड्यांचं म्हणाल तर बदल भरपूर झालेत. डिझेलच्या जागी सीएनजी आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये वीजेवरच्या पहिल्या गाड्या आल्या, वातानुकूलित असून तिकीट साध्या गाडीचंच. बऱ्याच गाड्या आता ठेकेदाराच्या असतात: गाडी आणि चालक त्याचा, कंडक्टर पीएमपीचा, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. जून २०२५ मध्ये भाडं वाढलं, कमीत कमी तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. त्याआधी बरीच वर्षं दर वाढले नव्हते, तरीही दोन थांबे जाणाऱ्या माणसाला ही वाढ बोचते, आणि तोच आधी पायी चालायला लागतो. भाडं वाढवून तूट भरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी वेळेवर आली तर भरेल.

"तोट्याचे मार्ग बंद करा" असंही म्हणतात. मी पहिल्या पाळीला असताना अंधारात निघणारी गाडी कात्रजहून मार्केट यार्डाकडे न्यायचो. हमाल, भाजीवाल्या, महापालिकेच्या झाडणकाम करणाऱ्या बायका. एक मावशी रोज बालाजीनगरला चढायच्या, फुलांची रिकामी टोपली घेऊन, आणि तिकिटाचे पैसे मोजून मुठीत तयार ठेवायच्या. गाडी अर्धी रिकामी असायची. कागदावर ती खेप तोट्यातच. पण मावशींना वेळेत यार्डात जाता आलं नाही तर त्या दिवशी फुलं मिळणार नाहीत आणि दुपारच्या गर्दीत आमच्या गाडीत परत बसायलाही त्या येणार नाहीत. एका खेपेचा हिशोब सुटा काढता येत नाही. सकाळी जो बसनं गेला तोच संध्याकाळी बसनं परत येतो. रात्रीची शेवटची गाडी बंद केली की दुसऱ्या पाळीचा कामगार सकाळचीही गाडी सोडतो, हे मी एकाहून जास्त मार्गांवर पाहिलंय.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. कात्रजपर्यंतचा भुयारी मार्ग व्हायला अजून वेळ आहे, तोवर सातारा रस्त्यावरची सगळी माणसं बसच्याच जिवावर. म्हणून माझं मागणं छोटं आहे. कात्रज ते स्वारगेट मार्गिकेत बसशिवाय काही जाऊ नये यासाठी गर्दीच्या वेळेला प्रत्येक तोंडाशी एक वॉर्डन उभा करा आणि चौकात सिग्नलला बसला आधी सोडा. फेरी दोन तासांवरून शंभर मिनिटांवर आली, तर दहा मिनिटांच्या अंतरासाठी बाराऐवजी दहा गाड्या पुरतात. सुटलेल्या दोन गाड्या मी असतो तर सकाळी साडेसात ते साडेदहा धायरीला दिल्या असत्या. तिथल्या थांब्यावर कॉलेजची मुलं रोज दारात लोंबकळून येतात.