तीन छेद दहा

पुढच्या महिन्यात एका विद्यापीठाच्या संग्रहालयात दोन प्रदर्शनं एकाच दिवशी उघडणार आहेत. खालच्या दालनात मुद्राचित्रं, वरच्या मजल्यावर समकालीन कला. खालच्या दालनात माझं एक लिनोकट असेल, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. मी अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवते. या एका कागदामागे माझे सहा महिने गेले आणि त्यातले कोरण्याचे दिवस जेमतेम पंधरा. बाकीच्या दिवसांत काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते आहे, कारण मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेला मी लिनोकटच पाठवलं होतं. ‘प्रिंट चालणार नाही, मूळ चित्र पाठवावे’ असा शेरा मारून ते परत आलं. झेरॉक्स आणि मुद्राचित्र यांतला फरक तिथं कोणाला ठाऊक नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. लिनोचा ठोकळा हे चित्र नव्हे. शाई लावून कागदावर जे उमटतं तेच मूळ, आणि ते दहा वेळा उमटलं तर मूळ चित्रं दहा.

यावर मला नेहमी भुसावळ आठवतं. मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराची कबर तिथं आहे. १८४४ पासून त्यानं वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या भल्यामोठ्या तैलरंगातल्या प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली, तिच्यात त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केलं. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये त्या चित्रांचे छापून काढलेले दोन खंड आजही आहेत, कारण त्यांच्या प्रती एकाच जागी नव्हत्या. छापलं म्हणून कमअस्सल, असं कोणी म्हणालं की मी ही हकीकत सांगते.

चित्र कापूस वेचणाऱ्या बाईचं आहे. कापसानं ओटी भरलेली, कमरेत वाकलेली, मागे पऱ्हाटीच्या ओळी. पहिला ठोकळा मी कागदावरचं रेखाटन जसंच्या तसं लिनोवर उतरवून कोरला. छाप आईला दाखवला. तिनं हातात घेतला, खिडकीशी नेला आणि विचारलं, “पदर उजवा खांदावर कसा उना?” लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं हे मला पुस्तकी माहीत होतं. पण डावा पदर उजवीकडे गेला की आमच्या शिवारातली बाई आमची राहत नाही, हे आईनं एका नजरेत ओळखलं. तो ठोकळा मी बाजूला ठेवला. दुसऱ्या वेळी रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेतलं, पालथं करून लिनोवर उतरवलं आणि मग पात्याला हात लावला.

एप्रिलचं ऊन इथं दोन्हीकडून लागतं. लिनो दहा मिनिटं ओट्यावर उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि पातं लोण्यातून जावं तसं जातं. थंडीत हाच लिनो कडक होऊन कड तुटते. पण छपाईला तेच ऊन वैरी. शाई सैल होते आणि बारीक रेघांत भरून बसते. बोंडाभोवतीच्या रेघा मी सुईच्या जाडीच्या ठेवल्या होत्या, त्या पहिल्या तीन छापांत बुजून गेल्या. म्हणून पहाटे साडेचारला उठून, पंखा बंद ठेवून, सात वाजायच्या आत काम आवरायचं असं ठरवलं. माझ्याकडे छपाईचं यंत्र नाही. कागद ठोकळ्यावर ठेवून आमटीच्या लाकडी पळीच्या पाठीनं घासत जायचं, कडेकडून आत. एका छापाला पाऊण तास. शाई नीट उतरली की कागदाच्या पाठीवर बाईची आकृती पुसट दिसायला लागते. त्या क्षणी पहाटेच्या जागरणाचं काही वाटत नाही.

एकूण सतरा छाप काढले, त्यातले दहा ठेवले. सातवा काढताना मनात आलं, खालच्या कोपऱ्यात जरा फिकट आहे, कोण बघतंय. पण दहांची आवृत्ती, म्हणजे एकाच ठोकळ्याचे मोजून दहा छाप, म्हणायची तर दहाही सारखे हवेत. तो फाडला. चित्राखाली समासात पेन्सिलीनं डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही करायची असते. पेन्सिलच, कारण शिसं उजेडानं उडत नाही आणि ओलाव्यानं पसरत नाही. ३/१० म्हणजे दहांतला तिसरा, हे आमच्या शाळेतली मुलं आता कोणालाही समजावून सांगतात.

संग्रहालयाचा फॉर्म चार पानी होता. चित्राचं माप वेगळं, कागदाचं वेगळं. आवृत्ती किती, ठोकळा शाबूत आहे का, पुन्हा छापणार का. ‘नाही’ लिहिलं आणि ठोकळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ कोरून टाकली, म्हणजे अकरावा छाप निघाला तर तो लगेच ओळखू यावा. विम्यासाठी किंमत लिहायची होती, तिथं मी दोन दिवस अडले. शेवटी कागद, शाई आणि पहाटेचे तास मोजून आकडा लिहिला. कमी लिहिला नाही.

फ्रेम करून पाठवू नका, असं तिथल्या मॅडमनी फोनवर बजावलं. नुसता कागद, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट, सेलोटेप कुठंही नको. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, तो निघत नाही. तिथं मॅडम जपानी पातळ कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं चिकटवून चित्र आम्लरहित माउंटवर, म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावर टांगतात. खळ पाण्यानं सुटते, म्हणून शंभर वर्षांनीही चित्र इजा न होता काढता येतं. हे ऐकून मी घरातली जुनी चित्रं उलटी करून पाहिली. तीन चित्रांच्या पाठीला टेप होता.

कुरिअरवर विश्वास ठेवायला मन होईना, स्वतःच घेऊन गेले. अमळनेरहून सुरतेकडे जाणारी गाडी, रात्रभर पुठ्ठा मांडीवर. सकाळी मॅडमनी हातमोजे घालून तो टेबलावर उघडला, तिरपा दिवा लावला आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कोणत्या स्थितीत आलं त्याची नोंद, भरायला घेतला. उजव्या समासात अर्ध्या अंगठ्याएवढा शाईचा ठसा निघाला. मी कधी पाहिलाच नव्हता. पोटात गोळा आला. त्यांनी शांतपणे माप घेतलं, ‘समासात शाईचा ठसा, मूळचा’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली. तो आता नोंदीत आहे, माझ्या अंगठ्यासकट.

दालन बघून आले. लाकूडठसे, एचिंग, लिथो, स्क्रीनप्रिंट, छपाईचे हे निरनिराळे प्रकार सगळे एका ओळीत लागणार आहेत. दिवे मंद, उजेडाच्या मापात साधारण ५० लक्स, कारण कागद आणि रंग उजेडानं हळूहळू मरतात. बाहेरच्या उन्हातून येणाऱ्यानं दारात दोन मिनिटं थांबावं, डोळे सरावले की चित्र उघडत जातं. वरच्या मजल्यावर पडदे आणि प्रोजेक्टर बसवायचं काम चालू होतं. ते उघडल्यावरच पाहीन.

घरी आले तर आईनं ४/१० मागितलं. मी खिडकीसमोरच्या भिंतीकडे पाहिलं, तिथं दुपारी ऊन येतं. काही बोलायच्या आधी तिनं देवघराशेजारच्या आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आणि खिळा तिथंच ठेवला.