नशिबाचा काय संबंध?

आज रात्रीच्या खास जेवणात पहिला घास घेताच ताई म्हणाली, ‘चिकन ब्रेस्ट असूनही कोरडं झालं नाही, नशीबच म्हणायचं!’ कौतुकच होते ते, तरी मनाला लागून राहिले.

बोनलेस ब्रेस्टमध्ये चरबी अत्यल्प असते, आणि एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला निमुळता असलेला तो तुकडा तसाच तव्यावर टाकला, तर जाड भाग शिजेपर्यंत पातळ टोक चिवट होऊन जाते. म्हणून मी तुकडे लाटण्याने हलकेच ठोकून एकसारखे केले, ३० मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवले आणि मग कोरडे टिपून घेतले. (हे टिपणे फार महत्त्वाचे; ओल्या मांसावर तांबूस रंग नीट चढत नाही.) सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरताच तुकडे तव्यावरून उतरवले आणि ५ मिनिटे त्यांना सुरी लावली नाही, कारण लगेच कापले की रस ताटात उतरतो.

घरच्या स्वयंपाकातले असे बारीक निर्णय खाणाऱ्याला दिसत नाहीत, आणि विचारपूर्वक केलेले काम योगायोगाच्या खात्यात जाते. तुम्ही ब्रेस्ट शिजवताना कशावर विश्वास ठेवता, रंगावर, घड्याळावर की थर्मामीटरवर?