आमच्या बॅचचा सयाम

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला आणि मला थेट नववी ब आठवली, इतिहासाचा तास. 'राष्ट्रसंघाची रचना' (पहिल्या महायुद्धानंतरचा देशांचा संघ, आत्ताच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीचा) म्हणजे टीपा लिहा टाइप धडा, पाठ करायचा आणि विसरायचा, पण आमच्या सरांनी अख्ख्या वर्गाचाच राष्ट्रसंघ केला. बाकडी म्हणजे आमसभा, देश केवढाही असो मत एकच. फळ्याजवळ कौन्सिल, त्यात ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान कायमचे आणि आमसभेनं निवडलेले चार जण (नंतर हे वाढत गेले). मॉनिटर झाला पहिला सेक्रेटरी जनरल एरिक ड्रमंड, काम तेच, कागदपत्रं सांभाळायची. एक खुर्ची मुद्दाम रिकामी, अमेरिकेची, कल्पना तिथल्या अध्यक्ष विल्सनसाहेबांची आणि त्यांचाच देश आला नाही! भारत झालेल्या पोराला सर म्हणाले, "खुर्ची तुझी रे, पण बोलायचं ते ब्रिटनला विचारून."

मला मिळाला सयाम, म्हणजे आत्ताचं थायलंड. वाटलं सुटलो. मग सरांनी २४ फेब्रुवारी १९३३ काढली, चीनच्या मांचुरियात जपान घुसला त्यावरच्या अहवालावर मतदान. बाजूने ४२. वर्गात तेवढी पोरं नव्हती म्हणून काहींनी दोन्ही हात वर केले. विरोधात एकटा जपान. आणि मी? "तू हात खालीच ठेवायचा, सयाम तटस्थ होता." कोणीतरी विचारलं, सर सगळ्यांचं एकमत लागतं ना, मग पास कसं? तर म्हणे भांडणातल्या देशाचं मत धरत नाहीत आणि तटस्थ राहिला तो गैरहजर. म्हणजे मी समोर बसून ॲबसेंट.

जपान झालेला पोरगा भलताच रंगात आला, दप्तर उचललं आणि निघाला बाहेर, थेट पाण्याच्या नळापाशी. सर म्हणाले, "ड्रमंड, आणा त्याला." मॉनिटर म्हणाला, "एकटा कसा आणू सर, तो माझ्या डबल आहे." सर खुर्चीत बसून एवढे हसले, म्हणाले पेपरात हेच लिहा, संघाला स्वतःचं सैन्य नव्हतं, जिनिव्हात बसून ठराव करायचे फक्त. जपान तास संपल्यावरच आला, ओल्या बाह्यांनी.

तेव्हापासून मी सयाम. परवा गेट टुगेदरच्या तारखेसाठी ग्रुपवर पोल टाकला, मी गडबडीत मत द्यायचं विसरलो, तर जपानचाच मेसेज, "सयाम नेहमीप्रमाणे गैरहजर, पुढे चला."